बाहीवरचा गोल आणि माझा घाईचा निष्कर्ष

तुंगार्लीत आमच्या शेजारच्या आजींनी मागच्या महिन्यात त्यांच्या सासऱ्यांचा फोटो दाखवला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, कृष्णधवल. "पोरी, हे कुठे लढले ते यावरून कळेल का गं?" टोपीवर बिगुलाचं चिन्ह, बाहीवर खांद्याच्या जरा खाली गडद चौकोनी बिल्ला, त्यात फिकटसा गोल. मी मोबाइलवर दहा मिनिटं शोधलं आणि सांगून टाकलं: मराठा लाइट इन्फंट्री, ५वी भारतीय डिव्हिजन, म्हणजे एरिट्रियातली केरनची लढाई, १९४१. आजींनी ते लगेच फोटोमागे पेन्सिलीने लिहिलंसुद्धा.

रात्री स्वतःचाच युक्तिवाद पुन्हा तपासला आणि पोटात गोळा आला.

आधी रंग. ५व्या डिव्हिजनचं चिन्ह काळ्या चौकोनावर लाल गोल. पण त्या काळी वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नाही, तो काळाच उमटतो. फिल्म तशी असेल तर लाल गोल काळ्यात बुडून जायला हवा होता. मला फिकट दिसलेला गोल दुसऱ्याच रंगाचा असणार. पॅनक्रोमॅटिक फिल्म असेल तर लाल करडा दिसू शकतो. फिल्म कोणती, हे मी विचारलंच नव्हतं!

दुसरी चूक मोठी. रेजिमेंटचं चिन्ह आडनावासारखं, सैनिकासोबत राहतं. बाहीवरचा बिल्ला मात्र फॉर्मेशनचा, सध्याच्या नोकरीसारखा: बटालियन दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गेली की बदलतो. मराठ्यांची ३री बटालियन केरनला ५व्या डिव्हिजनमध्ये होती. १९४४ मध्ये इटलीत तीच बटालियन १०व्या डिव्हिजनमध्ये होती, आणि माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे त्याच बटालियनचे. १० जुलै १९४४ ला ते तिथे पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. उलट बाजूनेही तेच. लाल गोलवाली ५वी डिव्हिजन एरिट्रियानंतर उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात आणि पुढे ब्रह्मदेशात लढली. म्हणजे तो गोल खरंच लाल असला, तरी त्यावरून "केरन" निघत नाही. डिव्हिजन निघते, तीही फोटो काढला त्या दिवसापुरती.

मुळात हे बिल्ले बाहेरच्याला वाचता येऊ नयेत म्हणूनच आले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने गाड्यांवर आणि बाह्यांवर तुकडीचं नाव लिहिण्याऐवजी चित्रं वापरायला सुरुवात केली. आपल्या माणसाला ओळख पटावी, शत्रूला काही कळू नये. काही चिन्हं मात्र उघड बोलतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या दक्षिण कमांडच्या चिन्हात लाल-काळ्या-लाल पट्ट्यांवर दक्षिण क्रॉसचे, म्हणजे आपल्या त्रिशंकूचे तारे आहेत. दक्षिण दिशा, विषय संपला. (मे महिन्यात ढग नसतील तर हा तारकासमूह आपल्याकडूनही दक्षिण क्षितिजालगत दिसतो. बघाच एकदा.) पण लाल गोलाचा अर्थ नुसता बघून सांगता येत नाही, कारण तो तसा सांगण्यासाठी केलेलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आजींकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग खोडू का?" मी "केरन" खोडायला सांगितलं, "मराठा" राहू दिलं, पण पुढे प्रश्नचिन्ह काढलं, बिगूल इतर लाइट इन्फंट्री आणि रायफल रेजिमेंटही वापरतात. आता घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत डिस्चार्जचा कागद शोधतोय. त्यावर सैनिक क्रमांक सापडला, तर बेळगावच्या रेजिमेंटल अभिलेख कार्यालयाला पत्र टाकणार आहोत.