अम्मीला वाचता न येणारी कादंबरी

सहेरी आटोपली की आमच्या घरात तासभर शांतता असते. भांडी आवरलेली असतात, मुलं पुन्हा अंथरुणात शिरलेली असतात, आणि फजरची नमाज झाल्यावर अम्मी तसबीह घेऊन खाटेवर बसलेली असते. एरवी वर्षभर मला ही वेळ झोपेतच जाते. गेल्या रमजानमध्ये मात्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी एक दोनशे पानी वही उघडली आणि कादंबरी लिहायला सुरुवात केली. आयुष्यातली पहिली. आणि मराठीत.

कॉलेजात हे कळल्यावर दोन प्रश्न आले. उर्दूतल्या एका मैत्रिणीनं विचारलं, "अपनी जबान छोड़ के मराठी में क्यों?" मराठीतले एक सर म्हणाले, "वा, मॅडम, मराठीत! कठीण नाही का जात?" एकीला मी घर सोडल्यासारखी वाटले, दुसऱ्यांना पाहुणी. दोघांचाही हेतू चांगला होता, पण उत्तर मला दोघांनाही देता आलं नाही.

मुळात माझी पहिली भाषा कुठली? चौथीपर्यंत उर्दू शाळा, पाचवीपासून मराठी. घरात बोलतो ती पुस्तकातली उर्दू नाही. हिंदी, उर्दू आणि गल्लीतली मराठी यांची ती खिचडी आहे. गल्लीत झाडीबोली, बाजारात हिंदी, बालाघाटकडचे लोक आले की आणखी वेगळी हिंदी. तुमसरच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. धानाच्या गाड्यांपाशी उभं राहून तो पाच मिनिटांत तीन भाषा बदलतो आणि त्याला ते कळतही नाही. पण बोलणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. लिहायची म्हणून मराठी माझी दुसरीच. उर्दू लिपीत 'ळ' नाही. पाचवीत गुरुजींनी मला फळ्यासमोर उभं करून 'वेळ' आणि 'वेल' दहा-दहा वेळा म्हणायला लावलं होतं, वर्ग हसला होता. 'ण' चाही तोच घोळ, पण त्यात गल्लीनं मला साथ दिली, कारण झाडीबोलीतही 'पाणी' हे 'पानी'च असतं.

लिहायला बसल्यावर खरी अडचण अनोळखी शब्दांची आली नाही, ओळखीच्या शब्दांची आली. मराठीत फारसी-अरबी शब्द इतके आहेत की माधव जूलियनांनी 1925 साली 'फार्शी-मराठी कोश' केला. त्याच्याही अडीचशे वर्षं आधी शिवाजी महाराजांच्या काळात 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला तो राज्यकारभारातल्या अशा शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. इतिहास शिकवते, म्हणून हे मला पाठ आहे. पण पाठ असून फायदा झाला नाही. पहिल्याच प्रकरणात मी लिहिलं, "त्या वर्षी अब्बांची शिकस्त झाली." मराठीतल्या सरांना दाखवलं तर ते म्हणाले, "शिकस्त झाली नाही, शिकस्त केली म्हणा. प्रयत्नांची ना?" मला म्हणायचं होतं, अब्बा हरले. उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव, मराठीत तोच शब्द प्रयत्नांची पराकाष्ठा सांगतो. उर्दूतला हैरान माणूस चकित झालेला असतो, मराठीतला हैराण माणूस जेरीला आलेला. उर्दूत राजीनामा म्हणजे दोन पक्षांतली तडजोड, इथं नोकरी सोडण्याचा कागद. तिकडे दिलगीर म्हणजे उदास, इकडे दिलगीर माणूस माफी मागतो. खुलासा तिकडे सारांश असतो, इकडे स्पष्टीकरण. हे शब्द आपल्या घरून निघून मराठीत नांदायला आले आणि त्यांनी इथल्या चालीरीती उचलल्या. आता मी त्यांच्याकडे गेले की ते मला ओळख देत नाहीत.

मग उर्दूत का नाही लिहिलं? उर्दू मी शिकले ती अदब म्हणून. दुःख सांगायच्या इतक्या सुंदर तऱ्हा तिनं मला दिल्या आहेत की माझं प्रत्येक वाक्य अत्तर लावून बाहेर पडतं. "घरात पीठ नव्हतं" एवढंच लिहायचं असलं, तरी माझी उर्दू त्याभोवती दोन ओळींची महिरप उभी करते. दोष उर्दूचा नाही. तिच्यात मंटोसारखा कोरडा, धारदार लिहिणारा होऊन गेला. दोष माझ्या हाताचा आहे. मराठीत माझ्याकडे तेवढे दागिने नाहीत. "घरात पीठ नव्हतं," लिहिते आणि पुढे जाते.

असं करणारी मी काही पहिली नाही. प्रेमचंदांनी सुरुवात उर्दूतून केली. 'बाजारे-हुस्न' त्यांनी उर्दूत लिहिली, पण छापून आधी आली ती हिंदीत, 'सेवासदन' या नावानं. उर्दू पुस्तक मागाहून आलं. जोसेफ कॉनरॅड पोलिश घरातला, इंग्रजी शिकला विशीत, आणि 1895 साली पहिली कादंबरी इंग्रजीतच काढली. झुंपा लाहिरी यांचं घर बंगाली, नाव झालं इंग्रजीत, आणि 2018 साली त्यांनी कादंबरी लिहिली इटालियन भाषेत. मराठीत किरण नगरकर आहेत. शिक्षण बहुतेक इंग्रजीत झालेला हा माणूस 1974 साली 'सात सक्कं त्रेचाळीस' घेऊन आला. पुढे 1995 ला 'रावण अँड एडी' इंग्रजीत आली, तेव्हा मराठीतल्या काहींनी ते मनाला लावून घेतलं. भाषा बदलणाऱ्याला दोन्हीकडून हिशेब द्यावा लागतो, हे माझ्या बारक्या अनुभवावरून मला पटतं.

हमीद दलवाईंची 'इंधन' 1965 ची. कोकणातलं मुसलमान घर तिच्यात आहे. पण त्या घरांची बोली मराठीच्याच कुळातली, त्यामुळे पात्रांनी मराठीत बोलणं तिथं अडत नाही. आमच्या विदर्भातल्या घरांचं तसं नाही.

मला सगळ्यात जवळचे वाटतात ते मुक्तिबोध बंधू. घर मराठी. थोरले गजानन माधव हिंदीचे मोठे कवी झाले, धाकटे शरच्चंद्र मराठीतच राहिले आणि त्यांनी 'क्षिप्रा' सारखी कादंबरी दिली. एका आईची दोन मुलं, दोन भाषा. गजानन माधव बरीच वर्षं नागपुरात होते, 1958 साली राजनांदगावच्या कॉलेजात शिकवायला गेले. नागपूरहून राजनांदगावची गाडी आपल्या तुमसर रोडवरूनच जाते. तो माणूस या फलाटावरून कितीदा गेला असेल, खिडकीतून बाहेर बघताना मनात कुठल्या भाषेत बोलत असेल, असं मला गाडीची वाट बघताना उगाच वाटत राहतं.

माझी गाडी अडली ती संवादांवर. अम्मीला मी आधी शुद्ध मराठीत बोलायला लावलं, तर ती थेट पुण्याच्या सदाशिव पेठेतली वाटायला लागली. मग घरात बोलतो तसंच देवनागरीत उतरवलं, तर अर्धं पान हिंदी झालं. खालाची मावशी केली, फुफीची आत्या केली आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही खोडलं, कारण माझी खाला मला मावशी म्हणून ओळखूच येईना. शेवटी असं ठरवलं, की छोटी वाक्यं जशीच्या तशी ठेवायची आणि लांब बोलणं आमच्या गल्लीच्या मराठीत आणायचं. सरांना ते पूर्ण पटलेलं नाही.

वर्षभरात चार प्रकरणं झाली. आणि या रमजानमध्ये अम्मीनं विचारलं, "इतना क्या लिखती है रोज? मुझे सुना." अम्मी उर्दू वाचते. मराठी तिला वाचता येत नाही, पण कानाला चांगली कळते. पन्नास वर्षं ती या गल्लीत भाजी घेते, भांडते, बारशाला जाते. म्हणून मी तर्जुमा केला नाही. सहेरीनंतर तिला रोज तीन-चार पानं मराठीतच वाचून दाखवायला लागले. ती डोळे मिटून ऐकायची. मधेच म्हणायची, "तेरे अब्बा ऐसे नहीं बोलते थे." मी खूण करून ठेवायचे.

मग चौथं प्रकरण आलं.

ते 1988 च्या रमजानचं आहे. तेव्हा रमजान एप्रिल-मेमध्ये आला होता, आणि विदर्भातला एप्रिल-मे म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. अब्बा ज्या राईस मिलमध्ये हमालांचा हिशेब ठेवायचे ती बंद पडली होती, तीन महिन्यांचा पगार अडकला होता. आधी रेडिओ गेला, मग सायकल. सहेरीला रात्रीचा भात आणि मीठ-मिरची. अम्मी तरीही पहाटे भांडी मुद्दाम वाजवायची, फोडणीशिवायच झारा कढईवर आपटायची, गल्लीला वाटावं घरात स्वयंपाक चाललाय. समोरच्या बाईंना मात्र कळलं असावं. मगरिबच्या तासभर आधी त्या रोज वाटीभर भिजवलेली डाळ घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "आज डाळ जास्तच भिजली वो, वाया जाईल." तीस दिवस त्यांची डाळ जास्त भिजली. अम्मी ती वाटायची, तिचे वडे करायची, आमचा इफ्तार व्हायचा. त्या एका शब्दानं वर बोलल्या नाहीत, अम्मीही बोलली नाही.

मी वाचून थांबले. अम्मीनं डोळे उघडले आणि म्हणाली, "ये मराठी में छपेगा?"

मी हो म्हटलं.

"उर्दू में लिखती तो कौन पढ़ता यहाँ. अब तो पूरी गल्ली पढ़ेगी."

उर्दूत लिहिलं असतं तर पुस्तक मालेगावला, हैदराबादला गेलं असतं. तिथं अम्मीला कोणी ओळखत नाही. मराठीत लिहिलं म्हणजे ते समोरच्या दारात गेलं. सदतीस-अडतीस वर्षं जे दोन बायकांनी झाकून ठेवलं ते मी उघडं करायला निघाले होते, आणि स्वतःला समजावत होते की मी साधी भाषा निवडली आहे. भाषा निवडताना वाचकही निवडला जातो, हे मी वर्गात मुलांना सांगते. माझ्या बाबतीत तो वाचक चाळीस पावलांवर राहतो, हे काही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दोन दिवस अम्मीनं वाचायला सांगितलं नाही. मीही वही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी सहेरीला दही वाढता वाढता ती म्हणाली, "तूने चने की डाल लिखा है. चने की नहीं थी. लाखोरी थी."

लाखोरी. आपल्या भंडारा-गोंदियाकडे धानानंतर बांधीत होणारी, गरिबाची डाळ. मराठीत लिहिताना माझ्या हातानं ती आपोआप चण्याची करून टाकली होती. मी तिथल्या तिथे खोडून 'लाखोरी' लिहिलं. मग अम्मीनं आपली अट सांगितली: छापण्याआधी बाईंच्या मुलाला जाऊन सांगायचं. बाई आता नाहीत, दादा तिथंच राहतात आणि हे पान दर वर्षी वाचतात.

परवा इफ्तारनंतर गेले. वही नेली नाही, तोंडीच सांगितलं. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हसले. म्हणाले, "म्हणजे ते तुमच्याकडे जात होतं काय! त्या वर्षी आमच्या घरी रोज भांडण. बाबा आईवर ओरडत, इतकी डाळ कशाला भिजवतेस, चार मानसं आपण. आई म्हणे, अंदाज चुकला."

इथं हे लिहायला त्यांची हरकत नाही, अम्मीचीही नाही. प्रकरण मात्र आता पुन्हा लिहावं लागणार. समोरच्या घरातलं ते भांडण त्यात यायला हवं, आणि ते झाडीबोलीत झालं असणार. ती मला बोलता येते, लिहिता येत नाही. दादांनी ईदनंतर बसायचं कबूल केलं आहे.