देवनागरी मुद्राक्षररचना : ग्रंथनिवडीचा विचार

मुद्राक्षररचनेच्या अध्ययनासाठी बहुधा रोमन लिपीवरील ग्रंथ प्रथम हाती घेतले जातात. अक्षरांतील व ओळींतील अंतराचे ज्ञान त्यांतून मिळते. परंतु शिरोरेषेवर वेलांटी आणि खाली उकार वागवणाऱ्या अक्षरांचे प्रश्न तेथे उद्भवतच नाहीत. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील ‘र’ची दोन रूपे पाहावीत : पहिला शब्द गुरूचा, दुसरा स्वयंपाक्याचा. एवढा अर्थभेद अक्षराकारावर अवलंबून असताना देवनागरीवरच लिहिलेल्या ग्रंथांना पर्याय नाही. बापूराव नाईक यांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ (१९७१) हा भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केलेला त्रिखंडात्मक इंग्रजी ग्रंथ त्यांत अग्रगण्य होय. धातूचे खिळे गेले म्हणून तो कालबाह्य ठरवणे घाईचे होईल. अक्षर मात्रेसह अखंड ओतावे की मात्रा वेगळी ठेवून जुळवावी, हा जुना पेच संगणकीय टंकातही रूप पालटून उरला आहे. अ. का. प्रियोळकरांचा ‘द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया’ (१९५८) इतिहासासाठी वाचावा. रचनेचे धडे त्यात शोधू नयेत.

ठाणे-कल्याणच्या अभ्यासकास कल्याणचे सार्वजनिक वाचनालय (१८६४) व ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) जवळ आहेत. खिळ्यांच्या काळातील एखादे जुने छापील पान नाईकांच्या खंडाशेजारी ठेवून त्यातील जोडाक्षरे एकेक करून ताडून पाहावीत.