साहेब चार अक्षरांत मावत नाही

‘मी आयएनटीजे आहे, म्हणून मीटिंगमध्ये कमी बोलतो,’ असे सांगणारे मॅनेजर आता हिंजवडीपासून बीकेसीपर्यंत कुठेही भेटतात. कंपनीने वरच्या फळीसाठी कोच नेमलेला असतो. पहिल्या-दुसऱ्या बैठकीत मायर्स-ब्रिग्ज नावाची प्रश्नावली भरून घेतली जाते आणि चार अक्षरांच्या सोळा खणांपैकी एकात माणूस जाऊन बसतो. पुढे ‘नेणीव’, ‘छाया’, ‘मुखवटा’ असे शब्द कानावर येऊ लागले, की काहींना हा फार गूढ मामला वाटतो, तर काहींना कॉर्पोरेट ज्योतिष. दोघांचेही थोडे थोडे चुकते.

गैरसमज : मायर्स-ब्रिग्ज चाचणी युंगची आहे.

कार्ल युंग या स्विस मनोविश्लेषकाचा व्यक्तिमत्त्वप्रकारांवरचा ग्रंथ 1921 साली जर्मनमध्ये आला. त्याचे इंग्रजी भाषांतर 1923 साली निघाले आणि ते कॅथरीन ब्रिग्ज या अमेरिकन बाईंच्या हाती पडले. त्या स्वतःही माणसांचे प्रकार पाडण्याच्या खटपटीत होत्या. त्यांची मुलगी इझाबेल मायर्स राज्यशास्त्राची पदवीधर. तिने रहस्यकादंबऱ्याही लिहिल्या. दुसऱ्या महायुद्धात घराबाहेर कामाला निघालेल्या स्त्रियांना आपल्या स्वभावाला साजेसे काम कसे मिळेल, या विचारातून तिने प्रश्नावली करायला घेतली. मायलेकींपैकी कोणाचेही मानसशास्त्राचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते. चारपैकी प्रत्येक अक्षर दोन विरुद्ध पर्यायांच्या जोडीतून येते; शेवटच्या अक्षराची जोडीही युंगच्या मूळ मांडणीत वेगळी नव्हती; ती या दोघींनी जोडली.

खुद्द युंगने 1934 साली आपल्या ग्रंथाच्या एका प्रस्तावनेत माणसांवर असे शिक्के मारण्याला पोरखेळ ठरवले होते. त्याला रस होता तो वेगळ्याच गोष्टीत. माणूस मनाची जी बाजू वर्षानुवर्षे वापरत नाही, ती नाहीशी होत नाही. ती नेणिवेत राहते आणि नको त्या वेळी ओबडधोबड रूपात बाहेर पडते, असे त्याचे म्हणणे. ‘मी फक्त आकड्यांवर निर्णय घेतो’ म्हणणारा फायनान्सचा प्रमुख एखाद्या किरकोळ ईमेलवरून तीन दिवस धुमसतो, तेव्हा युंग आठवावा. कार्यशाळेत मात्र ही अर्धी गोष्ट बहुधा गळते आणि मगवर छापता येतील एवढी अक्षरे उरतात.

गैरसमज : ‘वर्णन अगदी माझेच आहे, म्हणजे चाचणी बरोबर आहे.’

1949 साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्याने 39 विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली आणि प्रत्येकाला ‘हे खास तुमचे वर्णन’ म्हणून एक कागद दिला. वर्णन कितपत जुळते, याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. सगळ्यांच्या कागदावर मजकूर एकच होता, आणि त्यातली बरीच वाक्ये ज्योतिषाच्या एका बाजारू पुस्तकातून उचललेली होती. रविवारच्या पुरवणीतले राशिभविष्य वाचून ‘अगदी, अगदी!’ म्हणणाऱ्यांनी याचे आश्चर्य मानू नये.

दुसरी अडचण अशी, की बहुतेक माणसे कोणत्याही गुणाच्या टोकाला नसतात, मधल्या पट्ट्यात असतात. तिथेच रेघ ओढून ‘तू अंतर्मुख, तू बहिर्मुख’ असे ठरवले, की जरा इकडेतिकडे झाले तरी अक्षर बदलते. काही आठवड्यांनी हीच चाचणी पुन्हा दिली, तर बऱ्याच जणांचे निदान एक अक्षर बदललेले असते, हे डेव्हिड पिटेंजर यांनी 1993 साली आधीच्या अभ्यासांवरून दाखवून दिले. उमेदवार निवडण्यासाठी ही चाचणी वापरू नये, असे तिचे प्रकाशकही सांगतात. आपल्याकडच्या एचआर विभागांपैकी किती जणांनी ही सूचना वाचली आहे, देव जाणे.

संशोधक ज्यावर अधिक भरवसा ठेवतात ती मांडणी ‘बिग फाइव्ह’ची. तिच्यात खण नाहीत, पाच गुणांच्या मोजपट्ट्या आहेत : नव्याची ओढ, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, जुळवून घेण्याची वृत्ती आणि भावनिक अस्थैर्य. बॅरिक आणि माउंट यांनी 1991 साली पूर्वीचे पुष्कळ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा त्यांनी पाहिलेल्या सर्व प्रकारच्या व्यवसायांत कामगिरीशी नाते सापडले ते कर्तव्यदक्षतेचे. तेही मध्यम ताकदीचे नाते, विधिलिखित नव्हे.

गैरसमज : अंतर्मुख माणूस चांगला साहेब होत नाही.

बहिर्मुखतेचा नेतृत्वाशी संबंध आहे, हे खरे. पण तो नेता म्हणून नजरेत भरण्याशी जास्त आहे, नेतृत्व चांगले निभावण्याशी त्याहून कमी. अॅडम ग्रँट, फ्रांचेस्का जिनो आणि डेव्हिड हॉफमन यांनी 2011 साली पिझ्झाच्या दुकानांचा अभ्यास मांडला. जिथे कर्मचारी स्वतःहून सुचवणारे, पुढाकार घेणारे होते, तिथे कमी बहिर्मुख प्रमुखांची दुकाने अधिक नफ्यात निघाली. ऐकून घेणारा वर असला, की बोलणाऱ्यांचा उपयोग होतो.

गैरसमज : खोलात जाणारे कोचिंग म्हणजे बालपण उकरून आईवडिलांवर खापर फोडणे.

मला सर्वांत नुकसानकारक वाटतो तो हा गैरसमज, कारण त्याच्या धाकाने कामाची गोष्टच दूर ठेवली जाते. ऑफिसात आपण फक्त आजच्या माणसांशी वागत नसतो. पूर्वी ज्यांची सत्ता अनुभवली, त्यांच्याकडून असलेल्या अपेक्षा आणि भीती आपण नव्या साहेबाच्या अंगावर चढवतो. फ्रॉइडने हे रुग्ण आणि डॉक्टर यांच्या नात्यात पाहिले आणि त्याला ‘ट्रान्सफरन्स’ म्हटले. फ्रान्समधल्या ‘इन्सिआड’ या व्यवस्थापन संस्थेत शिकवणारे मॅनफ्रेड केट्स द व्ह्रीस हे अर्थशास्त्रज्ञही आहेत आणि मनोविश्लेषकही. त्यांनी डॅनी मिलर यांच्यासोबत 1984 साली दाखवले, की वरच्या माणसाचा स्वभावदोष हळूहळू संस्थेच्या रीतीभातीत उतरतो. प्रमुख संशयी असेल, तर कंपनीत मंजुऱ्या आणि तपासण्यांचे जाळे वाढत जाते.

आपल्याकडेही याचा विचार उशिरा आलेला नाही. गिरींद्रशेखर बोस यांनी कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था 1922 सालीच स्थापली. अहमदाबादच्या आयआयएममध्ये शिकवलेले मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी 1971 साली भारतीय संस्थांमधली सत्तेची रीत आणि हाताखालच्यांचे वागणे यांवर निबंध लिहिला. साहेबाला ‘मायबाप’ म्हणणाऱ्या देशात हा विषय परका वाटायचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते? समजा, एक डिरेक्टर दरवर्षी ठरवते की कामे खाली सोपवायची, आणि दरवर्षी रात्री अकराला स्वतःच प्रेझेंटेशन दुरुस्त करत बसते. वेळेच्या नियोजनाची चार तंत्रे शिकवून हे सुटत नाही. हार्वर्डमध्ये शिकवलेले रॉबर्ट केगन आणि लिसा लाही अशा वेळी विचारतात : सोपवले नाही, तर तुम्ही कशापासून वाचता? उत्तर बहुधा असे निघते : ‘माझ्यावाचून चालते असे दिसले, तर माझी किंमत काय?’ हा समज कुठून आला, याचा मागोवा लागला तर ठीक. पण कोचिंगमध्ये त्याहून महत्त्वाची असते त्याची छोटी परीक्षा. एक प्रेझेंटेशन न तपासता जाऊ द्यायचे आणि काय होते ते पाहायचे. बालपणाचा उल्लेख आला, तरी काम आजच्या टेबलावरच होते.

व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या आणि मनाच्या तळाचा विचार यांचे नीट जुळते ते ‘होगन डेव्हलपमेंट सर्व्हे’मध्ये. 1997 सालच्या या प्रश्नावलीत ताणाखाली बाहेर येणाऱ्या अकरा प्रवृत्ती आहेत, आणि त्यांचे तीन गट मनोविश्लेषक कॅरेन हॉर्नायच्या मांडणीशी जुळतात : लोकांपासून दूर सरणे, लोकांवर चालून जाणे, लोकांच्या कलाने जाणे. बरीच माणसे ज्या गुणामुळे वर चढतात, त्याच्याच अतिरेकाने घसरतात. आत्मविश्वासाचा गर्व होतो, काटेकोरपणाची किरकिर होते. चार अक्षरांच्या कौतुकापेक्षा हे ऐकायला कडू, पण कोचपुढे ठेवण्यासारखे.

गैरसमज : कोच म्हणजे जरा सोज्वळ नावाचा थेरपिस्ट.

भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करण्यासाठी ठरलेले शिक्षण आणि पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ‘कोच’ ही पाटी मात्र कोणीही लावू शकतो. ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ने 2009 साली 140 कोचची पाहणी केली. खासगी प्रश्नांसाठी नेमले गेल्याचे फक्त 3 टक्क्यांनी सांगितले. पण खासगी प्रश्नांत मदत करावी लागल्याचे सांगणारे 76 टक्के होते. म्हणजे दार नसले, तरी लोक आत येतातच. त्याच नियतकालिकात 2002 साली स्टीव्हन बर्ग्लास यांनी इशारा दिला होता, की मानसशास्त्र न शिकलेला कोच नैराश्यासारखी गोष्ट ओळखत नाही आणि वरवरची मलमपट्टी करून ती बिघडवतो. चांगल्या कोचला ‘हे माझ्याकडे नाही, तज्ज्ञाकडे जा’ म्हणता यायला हवे.

स्वभाव बदलतच नाही, हेही पूर्ण खरे नाही. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी 2017 साली 207 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सरासरी 24 आठवड्यांच्या उपचारांनंतर गुणांच्या मोजपट्टीवर बदल दिसला, सर्वाधिक भावनिक स्थैर्यात. ते अभ्यास मुख्यतः मानसोपचारांचे होते. दोन दिवसांच्या रिसॉर्ट-कार्यशाळेने तेच साधेल, असे त्यातून निघत नाही.

कोचचे बिल कंपनी भरते आणि मन मोकळे करतो मॅनेजर. चाचणीचा अहवाल कोणाच्या हाती जाईल, बैठकीतले काय एचआरला कळेल, बढतीच्या चर्चेत त्यातले काही वापरले जाईल का, हे तिघांनी पहिल्या बैठकीआधी लेखी ठरवून घ्यावे. ते ठरलेले नसेल, तर प्रश्नावली भरू नये.