पटर : शेवटच्या दहा मीटरची तबकडी

खेळ म्हटला की आपल्याकडे चेंडू आलाच. क्रिकेटचा असो, फुटबॉलचा असो, की लगोरीतला चिंध्यांचा असो. हवेतून जाणारी वस्तू गोल गरगरीतच असावी, असे जणू आपण ठरवून टाकले आहे. परंतु जगाच्या पाठीवर असाही एक खेळ आहे, की ज्यात चेंडू नाही, बॅट नाही, काठीही नाही. आहे ती केवळ ताटलीसारखी प्लॅस्टिकची तबकडी, आणि ती जिच्यात पडावी अशी साखळ्या लावलेली लोखंडी टोपली. या खेळाचे नाव ‘डिस्क गोल्फ’. प्रस्तुत लेखात या खेळाची, आणि त्यातही ‘पटर’ नावाच्या सर्वांत संथ तबकडीची, वाचकांना ओळख करून देण्याचा विचार आहे.

आता कुणी विचारील, कलाशाखेच्या मुलीला हा विषय सुचला कोठून? त्याचे कारण आमचा जिमखाना. आमच्या महाविद्यालयाचे एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त स्वीडनमध्ये असतात. मागल्या वर्षी ते भेटीला आले तेव्हा त्यांनी जिमखान्याला चार तबकड्या दिल्या. त्यांतल्या एकीवर कंपनीचे नाव होते ‘कास्टाप्लास्ट’ आणि तबकडीचे नाव होते ‘बर्ग’. जिमखान्याचे सर म्हणाले, “ही फेकायला नाही, टाकायला आहे.” फेकणे आणि टाकणे यांत एवढा फरक काय, हे समजून घेण्याच्या नादात पुढचे सारे वाचन झाले.

तबकडीचा इतिहास मोठा गमतीचा आहे. अमेरिकेत वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन नावाचे गृहस्थ होते. 1937 साली त्यांनी पॉपकॉर्नच्या डब्याचे झाकण गंमत म्हणून फेकायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातील सांता मोनिकाच्या समुद्रकिनाऱ्यावर ते केकचे पत्र्याचे भांडे फेकत असताना कुणीतरी त्याचे पंचवीस सेंट देऊ केले. बाजारात ते भांडे पाच सेंटला मिळत होते! मॉरिसन यांच्या डोक्यात धंद्याची कल्पना आली ती तिथे. 1955 साली त्यांनी ‘प्लूटो प्लॅटर’ ही प्लॅस्टिकची तबकडी काढली व 1957 च्या जानेवारीत तिचे हक्क ‘व्हॅम-ओ’ या कंपनीला विकले. त्याच वर्षी कंपनीने तिला ‘फ्रिस्बी’ हे नाव दिले. कनेक्टिकट राज्यात फ्रिस्बी नावाची पाय बनवणारी बेकरी होती व तिच्या रिकाम्या पत्र्याच्या थाळ्या विद्यार्थी एकमेकांकडे फेकत, त्यावरून हे नाव आले.

या खेळण्याचा खेळ करणारे गृहस्थ मात्र वेगळे. एड हेड्रिक हे व्हॅम-ओ कंपनीत काम करीत. तबकडीच्या पाठीवर गोल गोल उंचवट्याच्या रेघा काढल्या तर ती हवेत स्थिर राहते, या सुधारणेचे पेटंट त्यांना 1967 साली मिळाले. 1975 साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह या सार्वजनिक उद्यानात त्यांनी डिस्क गोल्फचे पहिले कायम मैदान आखले. आरंभी तिथे लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. खांबाला तबकडी लागली की नुसती घसटून गेली, हा वाद कसा मिटवायचा? हेड्रिक यांनी खांबाभोवती साखळ्या टांगल्या आणि खाली टोपली बसवली. साखळीवर आपटून तबकडी टोपलीत पडली, की वाद संपला. या साधनाचे पेटंट 1977 चे. 1976 साली त्यांनी खेळाडूंची संघटनाही काढली, ‘पी. डी. जी. ए.’ या नावाने ती आजही नियम ठरवते. 2002 साली हेड्रिक वारले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून तिच्या तबकड्या करण्यात आल्या. खेळावरची अशी निष्ठा विरळाच!

खेळ समजायला सोपा आहे. ठरलेल्या जागेवरून तबकडी फेकायची, ती जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि कमीत कमी फेकींत ती टोपलीत घालायची. गोल्फसारखाच हा हिशेब. फरक एवढाच, की गोल्फला हिरवळ लागते, काठ्यांचा संच लागतो, क्लबाचे सभासदत्व लागते. डिस्क गोल्फची बहुतेक मैदाने सार्वजनिक उद्यानांत व जंगलांत आहेत आणि तिथे खेळायला सहसा पैसे पडत नाहीत. अमेरिकेत, तसेच फिनलंड, स्वीडन, एस्टोनिया या देशांत हा खेळ फार पसरला, त्याचे एक कारण हेच असावे.

तबकड्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार. लांब जाणारी ती ‘ड्रायव्हर’, मधल्या पल्ल्याची ‘मिडरेंज’, आणि टोपलीजवळ वापरायची ती ‘पटर’. तिन्ही दिसायला सारख्या, पण कडेवर बोट फिरवले की फरक कळतो. ड्रायव्हरची कड रुंद व निमुळती असते, त्यामुळे ती हवा कापत जाते. अशी उतरती कड असलेली पहिली तबकडी अमेरिकेतील डेव्ह ड्युनिपेस यांनी 1983 साली बनवली आणि खेळाचे रूपच पालटले. पटरची कड मात्र अरुंद, जाड आणि बोथट. ती हवा कापत नाही, हवेला अडते. म्हणून लवकर थांबते.

ही उणीव नव्हे, हाच तिचा गुण आहे. टोपलीपासून दहा मीटरच्या आत खेळाडूने टाकल्यानंतर तोल सांभाळून उभे राहावे लागते. पुढे झेपावता येत नाही. अशा वेळी फेक चुकली आणि तबकडी तरंगत पंधरा मीटर पुढे गेली, तर परतीची फेक आणखी अवघड. पटर चुकली तरी टोपलीच्या आसपासच पडते.

तबकडी उडते कशी, हे आपल्या भोवऱ्यावरून समजते. भोवरा फिरत असतो तोवर पडत नाही. तबकडीही फिरते आहे तोवर हवेत आडवी राहते आणि वारा तिला खालून उचलून धरतो. भोवऱ्याची गती मंदावली की तो डुलू लागतो. तबकडीचा प्रवासवेग कमी झाला की तीही कलते. उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली तबकडी शेवटी डावीकडे झुकते, कारण वाऱ्याचा जोर तिची पुढची कड वर उचलू पाहतो आणि फिरत्या वस्तूवर दाब दिला की ती दाबाच्या दिशेने न कलता काटकोनात बाजूला कलते.

हे सारे चार आकड्यांत सांगण्याची पद्धत ‘इनोव्हा’ या अमेरिकन कंपनीने रूढ केली. पहिला आकडा वेगाचा, दुसरा तरंगण्याचा, तिसरा आरंभी उजवीकडे वळण्याचा, चौथा शेवटी डावीकडे झुकण्याचा. जलद ड्रायव्हरचा वेग बारा-तेरा असतो. आमच्या जिमखान्यातल्या ‘बर्ग’चे आकडे आहेत एक, एक, शून्य, दोन. म्हणजे वेग सर्वांत कमी आणि तरंगणेही सर्वांत कमी! उडण्यासाठी जन्मलेल्या वस्तूने उडायलाच नकार द्यावा, तसा हा प्रकार. पण जिथे नेमकेपणा हवा तिथे हा नकारच कामी येतो.

इथवर सारे वाचून कळले. पुढचे मात्र घरी कळले. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एम. आय. डी. सी.तल्या एका कारखान्यात प्लॅस्टिक मोल्डिंगच्या मशीनवर आहेत. बाटल्यांची झाकणे, बादल्या, डबे असा माल तिथे निघतो. आई घरी बसून त्या झाकणांच्या कडेला राहिलेली फ्लॅश ब्लेडने काढते. मजुरी ग्रोसावर, म्हणजे एकशे चव्वेचाळीस नगांवर मिळते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. सरांना विचारून ती तबकडी मी एक दिवस घरी नेली. अण्णांनी ती हातात घेतली, उलटी केली आणि मधल्या बारीक टिंबावर बोट ठेवून म्हणाले, “इथनं माल आत सोडलाय.” मग कडेवरची केसासारखी रेघ नखाने चाचपली. “डायचे दोन भाग इथं मिळतात. पार्टिंग लाइन म्हणतो आम्ही. डाय नामी आहे, फ्लॅश नाही कुठं.” आईने कडेवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली.

मला नवल वाटले ते याचे, की ‘पार्टिंग लाइन’ हा शब्द मी आदल्याच आठवड्यात वाचला होता. अनुभवी खेळाडू तबकडी विकत घेताना हीच रेघ बघतात. रेघ थोडी वर असली तर तबकडी सहजी उजवीकडे वळत नाही, खाली असली तर लवकर वळते, असा त्यांचा अनुभव आहे. फरक असतो मिलिमीटरच्याही अंशाचा. एकाच साच्यातून निघालेल्या दोन खेपांच्या तबकड्याही वेगळ्या उडतात. अण्णांना विचारले तर त्यांना त्यात काहीच आश्चर्य वाटले नाही. दाणा गरम करून साच्यात दाबला, की थंड होताना तो आकसतो. साच्यातून नग लवकर काढला तर तो फुगतो, नाहीतर वाकतो. दाण्याची जात बदलली, रंग बदलला, तरी आकसणे बदलते. डब्याच्या बाबतीत हा फरक झाकण बसण्यापुरता. तबकडीच्या बाबतीत तो साऱ्या उड्डाणाचा.

या मिलिमीटरवरच छोट्या कंपन्यांचे भवितव्य अवलंबून असते. साचा बनवायला खर्च मोठा. पुष्कळ कंपन्यांचा स्वतःचा कारखाना नसतो, त्या दुसऱ्याकडून माल करून घेतात. अमेरिकेतील ‘डायनॅमिक डिस्क्स’च्या तबकड्या बरीच वर्षे स्वीडनच्या ‘लॅटिट्यूड 64’ या कारखान्यात होत असत. पण नियम मोठ्या-छोट्यांना सारखेच. नवा साचा निघाला की स्पर्धेत वापरण्याआधी तो पी. डी. जी. ए.कडे मंजुरीसाठी द्यावा लागतो. व्यास किमान 21 सेंटिमीटर. वजन व्यासाच्या दर सेंटिमीटरला 8.3 ग्रॅमच्या आत. म्हणजे 21.2 सेंटिमीटरची पटर फार तर 176 ग्रॅम भरावी. कड कुणाला लागेल इतकी धारदार नको, आणि तबकडी वाकण्याइतकी लवचिक हवी. मोजपट्टी आणि तराजू नाव विचारीत नाहीत.

प्लॅस्टिकचाही विचार असतो. महाग दाणा झाडावर आपटूनही टिकतो. साधा दाणा लवकर झिजतो. पण हाताला पकड देतो आणि साखळीवर आपटल्यावर उसळत नाही. म्हणून कितीतरी खेळाडू पटर मुद्दाम साध्या प्लॅस्टिकची घेतात. इथे स्वस्त तेच सोयीचे!

भाषेची विद्यार्थिनी म्हणून मला आणखी एक गोष्ट भावली. तबकड्यांची नावे बहुधा इंग्रजीत असतात. कास्टाप्लास्टने आपल्या तबकड्यांना स्वीडिश नावे दिली. कंपनीच्या नावाचाच अर्थ ‘प्लॅस्टिक फेकणे’. ‘रास्क’ म्हणजे चपळ, ‘फाल्क’ म्हणजे ससाणा, ‘यार्न’ म्हणजे लोखंड. ‘रेको’ ही त्यांची दुसरी पटर. तिच्या नावाचा अर्थ सरळमार्गी. आणि ‘बर्ग’, ज्याचा उच्चार ते ‘बॅर्य’ असा काहीसा करतात, म्हणजे पर्वत. उडायला तयार नसलेल्या तबकडीला पर्वत म्हणणे किती समर्पक! अमेरिकेतला खेळाडू हे शब्द अडखळत उच्चारतो, पण तबकडी विकत घेतो. माल चोख असला की नाव आपल्या भाषेत ठेवायला भ्यावे लागत नाही, असा अर्थ मी त्यातून घेतला.

आपल्याकडे हा खेळ रुजेल की नाही, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. सध्या आमच्या मैदानाच्या कोपऱ्यात सरांनी एक जुनी लोखंडी पाटी खांबाला बांधून दिली आहे आणि सायंकाळी आम्ही पाच-सहा जणी तिच्यात तबकडी टाकतो. तीन मीटरवरून जमते, सातवरून कधी कधी. पण दुकानात प्लॅस्टिकचा डबा, झाकण, कंगवा दिसला की आता मी तो उलटा करून बघते. मधले टिंब शोधते, कडेची रेघ चाचपते. ज्याला आपण ‘साधे प्लॅस्टिक’ म्हणतो, त्यामागे डाय घासणारा, मशीनपुढे आठ तास उभा राहणारा आणि कड साफ करणारा असे कितीतरी हात असतात. पटर टोपलीत पडते तेव्हा साखळी वाजते ती टाकणाऱ्यासाठी. थोडी त्या हातांसाठीही वाजत असेल.