खतावणी, सातबारा आणि डेटाबेस

नागपूरहून अमरावती रस्त्याने निघाले की वाडी लागते. दोन्ही अंगांना गोदामे, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या कचेऱ्या, मालमोटारींच्या रांगा. तिथल्या एका गोदामात काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याच्या खात्यात तुरीची चाळीस पोती कमी भरली. संशय आला माल उतरवणाऱ्या हमालावर. आठ दिवस बिचाऱ्याला काम मिळाले नाही. पुढे निघाले काय, तर पोती जागच्या जागी होती! संगणकात त्या व्यापाऱ्याचे नाव तीन तऱ्हांनी चढले होते. कुठे आडनाव आधी, कुठे नुसते दुकानाचे नाव, कुठे 'अँड सन्स' जोडलेले. चाळीस पोती तिसऱ्या नावाखाली स्वस्थ बसली होती. हमाल कामावर परतला. बुडालेली मजुरी मात्र त्याला मिळाली नाही.

कारकुनाला बोल लावून काय उपयोग? चूक आखणीची होती. शिक्षक मंडळींना हे चटकन उमजेल. वर्गात तीन प्रकाश असले तरी दाखल-खारीज रजिस्टरात प्रत्येकाचा क्रमांक निराळा. तसा क्रमांक व्यापाऱ्याला हवा होता. त्याचे नाव-गाव एकाच तक्त्यात एकदाच लिहायचे आणि इतरत्र फक्त क्रमांक टाकायचा.

माहिती अशी तक्त्यातक्त्यांत मांडून क्रमांकांनी जोडण्याचा शास्त्रीय विचार आयबीएम कंपनीतले एडगर कॉड यांनी 1970 साली मांडला. पण आपल्या तलाठ्याचे दप्तर पाहा. नमुना सातमध्ये जमिनीचा हक्क, बारामध्ये पीक, आठ-अ मध्ये खातेदाराची एकूण जमीन, आणि सहामध्ये फेरफार. सातबाऱ्यावर नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो. तो धरून मागे गेले की हक्क कसा आला ते कळते. हाती लिहिलेल्या उताऱ्यावर जुने नाव खोडत नसत, त्याला कंस करीत. जुने पुसायचे नाही, ही गोष्ट फार मोलाची आहे.

गोदामाच्या हिशेबातही तेच. समजा, भाडे पोत्यामागे पाच रुपये होते, ते सहा झाले. दर फक्त एका ठिकाणी ठेवून बदलला, तर मागच्या महिन्याची बिलेही सहाने दिसू लागतील. मग गिऱ्हाईक भांडायला येणारच! म्हणून चालू दर दरांच्या तक्त्यात असावा, आणि बिल फाडताना त्या दिवसाचा दर बिलातही उतरवावा. ही पुनरुक्ती नव्हे; त्या दिवशी काय ठरले, ही वेगळी हकीकत आहे.

आता कोणता डेटाबेस घ्यावा? लोक हा प्रश्न आधी विचारतात. मी म्हणतो, आधी कागदावर तक्ते आखा. कोण लिहिणार, एका वेळी किती जण लिहिणार, मालकाला रोज काय पाहायचे आहे, हे गोदामात उभे राहून विचारा. हमालालाही विचारा बरे का, माल कुठल्या थप्पीत लागतो ते त्यालाच ठाऊक असते.

एकट्या दुकानदाराला वही पुरते. एकाच यंत्रावर काम असेल तर एसक्यूलाइट चालेल. सारा साठा एका फाईलीत मावतो, आपल्या मोबाईलमध्येही तो असतो. चार कारकून एकदम लिहिणार असतील, तर पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मायएसक्यूएल घ्यावा. दोन्ही फुकट मिळतात. शेवटची दहा पोती दोघांनी एकाच क्षणी दोन गिऱ्हाइकांना लिहून द्यायला घेतली, तर व्यवहार नीट बांधला असल्यास असा डेटाबेस एकालाच देतो आणि दुसऱ्याला थांबवतो. माल एका थप्पीतून वजा झाला आणि दुसरीत जमा होण्याआधी वीज गेली, तर दोन्ही नोंदी रद्द करतो. अर्धी नोंद राहत नाही.

मोंगोडीबीसारखा प्रकारही आहे. त्यात प्रत्येक नोंदीचा घाट निराळा असला तरी चालते. बिल्टी आणि खतावणीचा घाट ठरलेला असतो, तेव्हा निव्वळ नवे म्हणून तिकडे धावू नये, असे माझे मत.

शेवटी नकलेचे. साठ्याची नक्कल रोज काढावी, आणि ती गोदामाबाहेर ठेवावी; त्याच टेबलाच्या खणात ठेवली तर आगीत दोन्ही जातील. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या यंत्रावर उघडून कालची बिल्टी सापडते का ते पाहावे.