पंचवीस की बावन्न?

नागपुरातील एका शाळेचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. गुरुजी संख्या सांगत आहेत व मुले ती वहीत अंकांत लिहीत आहेत. गुरुजींनी 'पंचवीस' म्हटले. नुकत्याच दाखल झालेल्या एका तेलुगूभाषक मुलाने ५२ लिहिले. मुले हसली. हा मुलगा गणितात कच्चा आहे, असे म्हणावे काय?

जरा विचार करा. मराठीत आपण आधी 'पंच' म्हणतो व नंतर 'वीस' म्हणतो. लिहिताना मात्र आधी २ लिहितो. तेलुगूत पंचवीसला 'इरवै ऐदु' म्हणतात. 'इरवै' म्हणजे वीस आणि 'ऐदु' म्हणजे पाच. तेथे बोलण्याचा व लिहिण्याचा क्रम एकच आहे. मुलाने जसे ऐकले तसे लिहिले. त्याची बुद्धी मंद नव्हती. दोन भाषांची रीत निराळी होती.

अशा निरनिराळ्या भाषा नागपुरात कशा आल्या? देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने १७०२ च्या सुमारास हे नगर वसवले. पुढे भोसल्यांच्या राज्यात येथे मराठी स्थिरावली. १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले. त्या प्रांतात हिंदी व मराठी शेजारी शेजारी नांदत होत्या. १८६७ मध्ये मुंबईकडून आगगाडी आली. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. रेल्वेच्या व कचेऱ्यांच्या नोकरीनिमित्त बंगाली, तेलुगू व तमिळ कुटुंबे आली. १९४७ च्या फाळणीनंतर घरदार गमावलेली सिंधी कुटुंबे जरीपटका भागात वसली.

प्रत्येकाने आपली भाषा बरोबर आणली. बंगालीत वस्तूंना लिंगभेद नाही. म्हणून बंगाली मूल 'माझा वही' म्हणून जाते. अरबी वळणाची सिंधी लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात. आणि ज्यांच्या राजाने हे नगर वसवले, त्या गोंडांचे गोंडी बोलणारे मूलही मराठी वर्गात पहिल्या दिवशी भांबावते. मग परके कोणाला म्हणावे?

भारताच्या संविधानात १९५६ मध्ये ३५०क हा अनुच्छेद घालण्यात आला. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असा त्याचा आशय आहे. परंतु प्रत्येक वस्तीत प्रत्येक भाषेची शाळा निघू शकत नाही. तेव्हा शिक्षकाचे कौशल्य कामी येते. कुशल शिक्षक त्या मुलाला रागे भरत नाही. तो त्याला तेलुगूत मोजावयास सांगतो आणि दोन्ही भाषांतील संख्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो. मुलाला आपली चूक उमगते; आणि जी मुले हसली होती, त्यांनाही आपल्याच भाषेची रीत प्रथम ध्यानात येते.

मुलांनो, तुमच्या बाकावर एखादा नवा सोबती गप्प बसला असेल, तर त्याला उत्तर येत नाही असे एकदम समजू नका. कदाचित त्याला प्रश्नच समजला नसेल. तो समजावून सांगण्यास तुम्हीही गुरुजींना साहाय्य करू शकाल.