जांघेतल्या गाठीत बीजकोष

सातारा जिल्ह्यातल्या मेढ्यात काय किंवा जावळी तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत काय, तान्ह्या मुलीच्या जांघेतली गाठ डॉक्टरांच्या आधी तेल लावणाऱ्या आजीच्या हाताला लागते. बोटाखाली सरकते, बाळ रडलं की कधी फुगते. हर्निया म्हटलं की आपल्याला उतरलेलं आतडं आठवतं. मुलींच्या गाठीत मात्र कधी कधी चक्क अंडाशय असतं!

ते तिथे येतं कसं? गर्भात पोटाच्या अस्तराची एक बारीक पिशवी जांघेत उतरते. मुलग्यात त्याच वाटेने वृषण खाली येतं. मुलीत उतरायला काही नसतं, तरी पिशवी होतेच. डच शरीररचनातज्ज्ञ अँटोन नुक यांनी 1691 साली तिचं वर्णन केलं. बहुतेक मुलींत ही वाट पुढे बुजते. उघडी राहिली, तर अंडाशय घसरून आत येऊ शकतं.

हाताला अवधाण, पाण्याची गाठ आणि अंडाशय जवळजवळ सारखंच लागतं. इथे सोनोग्राफी कामाला येते. शरीरात ध्वनी सेकंदाला सुमारे 1540 मीटर धावतो; एक सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा जेमतेम पाऊण लाखावा भाग पुरतो. त्या प्रतिध्वनींतून पडद्यावर करडा गोळा उमटतो आणि त्यात राळ्याच्या दाण्यांसारखे काळे ठिपके. ते बीजकोष, अंडाशयातल्या बीजांच्या पिशव्या! दोन-तीन महिन्यांच्या मुलीत? हो. पहिल्या काही महिन्यांत तिच्या शरीरात संप्रेरकांची एक भरती येऊन जाते, तिनेच ते फुगतात. आतडं असेल तर चित्र वेगळं: आतली हवा चमकते, आतडं वळवळताना दिसतं.

मुलगी नको म्हणून गर्भाचं लिंग ओळखायला याच सोनोग्राफीचा गैरवापरही झाला. गर्भलिंग निदानाविरुद्ध महाराष्ट्राला 1988 मध्ये कायदा करावा लागला, देशात तो 1994 मध्ये आला. आणि याच सातारा जिल्ह्यात 2011 साली नकोशी म्हणून ‘नकुशा’ नाव ठेवलेल्या 285 मुलींना नवी नावं देण्यात आली. म्हणून मला त्या काळ्या ठिपक्यांचं जरा जास्तच अप्रूप वाटतं.

उतरलेल्या अंडाशयाला पीळ पडू शकतो, मग रक्तपुरवठा तुटतो. कलर डॉप्लर ही सोनोग्राफीचीच एक रीत रक्ताचा प्रवाह दाखवते. पण प्रवाह दिसला म्हणून पीळ नाहीच, असं छातीठोक सांगता येत नाही. म्हणून अशी गाठ दाबून आत ढकलायची नाही. बालशल्यचिकित्सक लवकरची तारीख देतात. गाठ लाल, घट्ट झाली, बाळ कळवळून रडू लागलं किंवा ओकू लागलं, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी सातारा गाठायचं, रात्र असली तरी.